मागं कोण बसतं?

दाबूमामांना कुठलीही वस्तू दाबून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवता येत नसे. खुर्ची पुढे केली की बसण्याआधी ते गादीवर पंजा ठेवून अंगाचा सगळा भार टाकत, हात उचलत आणि गादी वर कशी येते ते मान तिरपी करून बघत. कलिंगड, पाव, दुसऱ्याच्या घरचा दिवाण, एसटीचं सीट, नव्या बुटाची टाच, कशालाही सूट नव्हती. मग निकाल लागे. निकाल दोनच होते, 'जित्तं हाय' किंवा 'गेलं'. मधला प्रकार त्यांच्या कोर्टात नव्हता.

चिकलठाण्याच्या एका मंगल कार्यालयात मी त्यांना सोनेरी, सिंहाच्या पंजांचा सोफा दाबताना पाहिलं आहे. नवरा-नवरी स्टेजवर यायची होती, सनई वाजत होती आणि पांढरा शर्ट घातलेला हा साठीचा उंच गडी सगळ्या पाहुण्यांसमोर वाकून सोफ्याच्या दोन्ही टोकांवर आलटून पालटून भार टाकत होता. नवरीच्या काकांनी येऊन विचारलं, "काय हरवलं का ओ?"

"उजवीकडचं गेलंय," मामा म्हणाले. "नवरदेवाला हिकडं बसवू नका."

काकांना तो अपशकुन वाटला. त्यांनी मामांना दंडाला धरून खाली आणलं. तासाभराने फोटो काढताना नवरदेव शेरवानीसकट उजव्या बाजूने असे काही आत गेले की गळ्यातला हार नाकावर आला. मामांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पंगतीत बसून जिलेबी दाबून बघत होते.

हर्सूलच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्याला पाटी नव्हती. मामा फक्त गाड्यांचे शॉकअप आणि स्प्रिंग बघत. इंजिन, ब्रेक, रंग, कशालाही हात लावत नसत. "गाडी आन् रस्ता, ह्या दोघांच्या मधलं भांडण तेवढं आपलं," असं ते सांगत. गाडी शेडसमोर थांबली की मालकाला रामराम करण्याआधी मामा गाडीच्या कोपऱ्यावर पंजा टाकत, एक दाब देत आणि हात उचलत. गाडी एकदा वर येऊन गप्प बसली तर जित्ती. दोन-तीनदा झुलली तर गेली. मग रामराम.

ही विद्या त्यांना गाड्यांनी शिकवली नव्हती. मामा कन्नडच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला असलेल्या गावचे. घर मेंढरांचं. त्यांचे वडील आठवडी बाजारात मेंढी घेताना तिच्याकडे बघतही नसत. शेपटीच्या थोडं वर, कमरेवर पंजा ठेवून दाबत आणि घ्यायची की सोडायची ते ठरवत. "लोकर सगळ्यांचीच भारी दिसती, सरकार," मामा मला सांगायचे. "वरून हात फिरवू नाय. दाबावं. आतलं हाड काय म्हणतं ते ऐकावं." तरुणपणी ते शहरात आले, ट्रकचे पाटे बसवणाऱ्याकडे राहिले, मग मोटारींकडे वळले. हात मात्र मेंढरांतलाच राहिला. मीही कन्नडकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, म्हणून आमचं जमलं. मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, गळ्यात ओळखपत्र आणि डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणून त्यांनी मला 'सरकार' केलं. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी कधी दाबून बघितलं नाही.

माझ्यासारख्या अडाण्याला समजावं म्हणून त्यांनी एकदा सगळं शास्त्र चार वाक्यांत सांगितलं होतं. "स्प्रिंग म्हंजे कोकरू. खड्डा दिसला की उडी मारणारच, तो त्याचा धर्म हाय. शॉकअप म्हंजे त्याच्या गळ्यातली दोरी. लई लांब सोडली तर कोकरू पिकात शिरतं, लई आखूड धरली तर त्याचा जीव जातो." एवढं सांगून त्यांनी चहाचा कागदी कप दाबला आणि 'गेलं' म्हणून फेकून दिला.

त्यांच्या शेडमध्ये दोन रिवाज होते आणि त्यातून मंत्र्याच्या मेहुण्याचीही सुटका नव्हती. पहिला रिवाज म्हणजे प्रश्न. गाडी कोणती, किती पळाली, हे नंतर. आधी विचारायचे, "मागं कोण बसतं?" दुसरा रिवाज असा, की काम झालं की मामा स्वतः स्टेअरिंगवर बसायचे आणि गाडीच्या मालकाला मागच्या सीटवर बसवून हर्सूलच्या सगळ्या गतिरोधकांवरून फिरवून आणायचे. स्वतःच्या गाडीत मागे बसण्याची सवय कुणालाच नसते. माणसं अवघडून बसत, नव्या जावयासारखी.

मी एकदा विचारलं, "मामा, मालकाला पुढे का नाही बसवत?"

"चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. त्याचं अंग आधीच तयार होतं. मागच्याला खड्डा बसल्यावरच कळतो. मग गाडी कोणाला इचारायची?"

तर असा हा माणूस, आणि त्याच्यापुढे मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॉइलओव्हर बसवून मागायला गेलो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप आपापली कामं करतात. बहुतेक गाड्यांत पुढे ते कंपनीनेच एकमेकांत बसवलेले असतात, मागे शेजाऱ्यांसारखे वेगळे राहतात. त्यांची उंची, त्यांचा कडकपणा कंपनीने ठरवलेला, आपण त्यात बोट घालायचं नाही. बाजारात मिळणारं कॉइलओव्हर म्हणजे झगमगीत नळी, तिच्यावर आटे, आट्यांवर आवळून धरलेला आखूड, कडक स्प्रिंग. आटे फिरवले की गाडी खाली बसते. वर एक बटण असतं, ते टकटक फिरवून शॉकअप कडक-नरम करता येतो. वळणावर गाडी झुकत नाही, रस्त्याला चिकटून पळते, आणि उभी असली तरी झडप घालायच्या तयारीत असल्यासारखी दिसते. माझी लाल गाडी जुनी होती, दुसऱ्याच्या हातची होती, तिचे शॉकअप थकले होते आणि ती होडीसारखी डुलायची. तिला नवे साधे शॉकअप घालून होडीची गाडी करायची, की कॉइलओव्हर घालून वाघीण करायची? मी महिनाभर मोबाइलवर चित्रफिती बघत होतो. माझ्या डोक्यावरचे केस चालले होते, पोट पुढे आलं होतं. निदान गाडी तरी खाली बसावी, एवढीच माझी इच्छा होती.

मामा कॉइलओव्हरच्या विरुद्ध होते असं कुणी समजू नये. गारखेड्याचा एक तरुण शर्यतीसाठी गाडी तयार करायचा. त्याच्या गाडीला मामांनी दोन दिवस खपून कॉइलओव्हर बसवले होते, एकेक आटा नवरीच्या बांगड्या भराव्यात तसा फिरवला होता. मी त्याचा दाखला दिला.

"त्याच्या गाडीत मागं सीटच नाय," मामा म्हणाले. "काढून टाकलंय त्यानं. तुमच्या गाडीत मागं कोण बसतं, सरकार?"

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी मामांना सांगितली नाही.

त्या वर्षी माझे वडील, अण्णा, बांधावरून घसरून पडले आणि कमरेतला एक मणका चेपला. डॉक्टरांनी मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की सहा महिने दर आठवड्याला शहरात आणून उपचार केले, व्यायाम घेतले, तर ते काठीशिवाय रानात जातील. मध्ये सोडलं तर बाजेवरून उठणंही कठीण होईल. अण्णांना रानात जाता आलं नाही तर त्यांच्याकडे करण्यासारखं दुसरं काहीच उरत नव्हतं. तेव्हा दर शनिवारी सकाळी मी गावी जायचो, अण्णांना लाल गाडीत मागे डावीकडे बसवायचो आणि साठ किलोमीटर आणायचो. संध्याकाळी परत सोडायचो. दोन महिने झाले होते आणि अण्णा अंगणात काठी न घेता चालायला लागले होते.

"मागं कोण बसतं?" मामांनी पुन्हा विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी आणि माझी बायको मंगल. ती पुढे बसते."

अण्णांचं नाव घेतलं की वाघीण हातची जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आठवड्यातला एक दिवस, त्याला काय एवढं, असं मी मनाशी म्हटलं. आणि मामांनी कॉइलओव्हर बसवले. माझे जुने स्प्रिंग काढून बाजूला ठेवले. मग दुसऱ्या रिवाजाची वेळ आली. मी मागे बसलो. पहिल्या गतिरोधकाला माझे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्याला चष्मा मांडीवर आला. कॉलेजात असताना मी तीन वर्षं स्नेहसंमेलन गाजवलं होतं, ते सगळं त्या दिवशी कामाला आलं. डोळे अर्धे मिटून, लोडाला टेकलेल्या नवाबासारखा मी म्हणालो, "वा मामा. मलई."

मामांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मलई?"

"मलई."

"तोंडावरून आंबलेलं दही वाटायलंय," ते म्हणाले, पण गाडी वळवून परत घेतली.

पुढचे काही आठवडे माझे होते. गुलमंडीच्या गर्दीत माझी गाडी अडकली तरी लोक वाकून चाकं बघत. "सापासारखी चालते," मी मंगलला म्हणायचो. मंगल म्हणायची, "साप तरी वळून जातो. ही प्रत्येक खड्डा मोजते."

पहिल्या शनिवारी उतरल्यावर अण्णा थोडा वेळ गाडीच्या छताला धरून उभे राहिले, मग म्हणाले, "रंग अजून चांगला राहिलाय." दुसऱ्या शनिवारीही तसंच. चौथ्या शनिवारी मी गावी पोचलो तर ते बाजेवर बसलेले, टोपीसुद्धा घातलेली नाही.

"आता बरं वाटायलंय," ते म्हणाले. "कामून चकरा मारायच्या? तुझा एक दिवस जातो."

"डॉक्टर रागावतील, अण्णा."

"डॉक्टरला काय. घरीच करतो व्यायाम."

मी फार आग्रह केला नाही. म्हातारी माणसं हट्टी असतात, असं ठरवून टाकणं सोपं असतं, आणि मलाही शनिवार मोकळा मिळत होता. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं. त्याच्या पुढचा आणि त्याच्याही पुढचा शनिवार असाच गेला. मग गावाकडून चुलतभावाचा फोन आला की अण्णांनी काठी परत घेतली आहे आणि अंगणाच्या पलीकडे जात नाहीत.

त्याच आठवड्यात गाडीतून मागच्या बाजूने कटकट असा आवाज येऊ लागला. मी मामांकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली आडवे झाले, एकेक नट तपासला, कोपरे दाबले. "खाली सगळं जित्तं हाय," ते म्हणाले. मग मागचं डावं दार उघडून आत बसले आणि मला गाडी पुढे-मागे करायला लावली. कटकट वरून येत होती. मागच्या दाराच्या वर, छताला, धरायची कडी असते ना, ती सैल झाली होती. तिचा स्क्रू छतातून अर्धा बाहेर ओढला गेला होता.

मामांनी कडीवर बोटं फिरवली. हात पडून पडून ती गुळगुळीत आणि काळसर झाली होती. उजवीकडची कडी पाहिली, ती कोरी होती. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. डाव्या हाताने ती कडी पकडली आणि स्वतःला वर उचललं, इतकं की सीट आणि ते यांच्यामध्ये वीतभर अंतर पडलं. तसेच लटकून काही क्षण राहिले.

"हा माणूस सीटवर बसलाच नाय," ते म्हणाले. "सगळं अंग हातावर तोलून आलाय. कुठून येतो?"

"कन्नडकडून."

"कोण हाय?"

"वडील," मी म्हणालो. "मणक्याला मार लागलाय."

मामा खाली उतरले. मला वाटलं आता माझी भर रस्त्यात पूजा होणार. पण त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला, कडी घट्ट आवळली आणि मला म्हणाले, "मागं बस. त्यांच्या जागेवर. खुलताबादला जाऊन येऊ." सरकारचा त्या क्षणी 'तू' झाला होता.

गाडी त्यांनी चालवली, पण माझ्यासारखी चालवली. एक कोपर खिडकीबाहेर, रेडिओ मोठ्याने, मान तालावर हलते आहे. मी असा दिसतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी ठरवलं होतं की ताठ बसायचं. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून गाडी बाहेर पडली, पुढचा उखडलेला रस्ता लागला, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात वर आहे. तो तिथे कधी गेला ते मला कळलं नव्हतं. घाट चढेपर्यंत मी सीटवरून सुटलो होतो. माझ्या कमरेला काही झालेलं नव्हतं, वयही अण्णांच्या निम्म्याच्या थोडं पुढे, आणि मला वळणापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. फक्त पुढच्या माणसाची हलणारी मान दिसत होती. गाणं संपलं की दुसरं लागत होतं.

खुलताबादला चहा घेतला. कप धरताना माझी बोटं नीट मिटत नव्हती, तळव्यावर कडीची लाल रेघ उमटली होती. मामांनी रेघेकडे पाहिलं आणि चहात बिस्कीट बुडवलं.

"मामा, ते वरचं बटण फिरवून नरम करून द्या ना," मी म्हणालो.

"त्यानं शॉकअप नरम होईल. स्प्रिंग कडकच राहील. दोरी सुटलेलं कोकरू. झटका कमी, उड्या जास्त. त्यांना अजून त्रास."

"मग उंची वाढवा."

"उंचीनं काय होतं? उंच माणूस मऊ असतो का?" मग म्हणाले, "तू खोटं बोलला ते मला त्या दिवशीच कळलं होतं. आरशात तुझं तोंड बघितलं होतं मी. तरी बसवून दिलं. म्हटलं, गड्याला हौस हाय, करू द्यावी. माझा बाप असता तर म्हणला असता, पाठीवर हात न ठेवता मेंढी घेतली. तू बाप इसरला, मी बापाचं काम इसरलो. आता बिस्कीट खा."

परत आल्यावर ते शेडच्या मागे गेले आणि गोणपाटाचं एक गाठोडं घेऊन आले. आत माझे जुने स्प्रिंग होते, तेल लावून पुसलेले, सुतळीला माझ्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी. मी ते भंगारात घाला म्हणालो होतो. मामांनी एकेक स्प्रिंग जमिनीवर उभा करून त्यावर भार टाकला. "जित्ते हायत," ते म्हणाले. जुने स्प्रिंग, नवे साधे शॉकअप. संध्याकाळी गाडी उंच, साधी, आणि थोडी बावळट दिसत होती, चाळिशीनंतर मिशा काढलेल्या माणसासारखी.

"आता मागं बसणाऱ्याला इचारायचं," मामा म्हणाले. "शनिवारी मी येतो."

शनिवारी मामा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. गावी पोचल्यावर अण्णांनी बाजेवरूनच मला सांगितलं, "मी येत नाय म्हणलं ना." मामा त्यांच्याकडे गेले, आधी बाज दाबली, सुंभ जित्तं आहे म्हणाले आणि पायथ्याशी बसले. मग कुठलं गाव, कुणाचे कोण, अशी चौकशी सुरू झाली. अण्णांना कळलं की यांचं घर मेंढरांचं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"आमच्या वडाखालच्या रानात दर साली मेंढरं बसवायचो आम्ही खतासाठी," अण्णा म्हणाले. "डोंगराकडून यायची. तुमचीच असतील."

"असतील," मामा म्हणाले. "वडाखाली बारकी विहीर होती का? पायऱ्या मोडलेली?"

"हाय अजून. पायऱ्या नीट केल्या मी."

"मग आमचीच. त्या पायरीवरून मी पडलोय लहानपणी."

दोघं त्या पायऱ्यांवर अर्धा तास बोलले. शेवटी मामा म्हणाले, "पाटील, गाडी तुमच्या पोराची हाय, पण काम माझं हाय. त्याच्यासाठी नका येऊ. माझं काम बघायला या. नाय पटलं तर वाटेत हातनूरला उतरवून देतो." अण्णांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि टोपी मागितली.

अण्णा मागे डावीकडे बसले. मी त्यांच्या शेजारी, मामा स्टेअरिंगवर. गाडी सुरू झाली आणि अण्णांचा हात आपोआप वर गेला. वर काही नव्हतं. मामांनी कडी काढून टाकली होती. छताला फक्त दोन भोकं होती. अण्णांचा हात तसाच हवेत थांबला, बोटं वाकलेली, धरायच्या तयारीत. गावाबाहेरचा पहिला गतिरोधक आला. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होतो. मामा आरशातून बघत होते. गाडी वर गेली, खाली आली आणि गप्प बसली.

अण्णांनी हात लगेच खाली घेतला नाही. दुसरा गतिरोधक, एक पूल, एक खराब तुकडा. हात हळूहळू उतरत आधी खांद्याच्या पातळीवर आला, मग खिडकीच्या काठावर, आणि हातनूर गेलं तेव्हा मांडीवर होता. हातनूरला गाडी थांबवायची आठवण कुणीच केली नाही. वेरूळच्या पुढे ते झोपले. त्यांची टोपी माझ्या खांद्यावर टेकली होती आणि मामांनी रेडिओ बंद केला होता.

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. ठरलेले सहा महिने आठ झाले, एवढंच. अण्णा आज वडाखालच्या रानात काठीशिवाय जातात. तो त्रास मला आधी का सांगितला नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "गाडी दाखवायला तू किती खूश होता."

मामा आता नाहीत. जाण्याच्या वर्षभर आधी त्यांनी शेड सोडलं. रस्ता रुंद होणार होता, गुडघेही थकले होते. गावी त्यांना मीच सोडलं, लाल गाडीतून. पुढचं दार उघडलं तर म्हणाले, "मागं बसतो. काम आपलंच हाय, एकदा बघू दे." सगळा रस्ता ते डावीकडे बसून खिडकीबाहेर बघत राहिले. घरासमोर उतरल्यावर त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली ती कडी काढली. मी ती दोन-तीनदा मागितली होती आणि प्रत्येक वेळी त्यांनी 'देतो' म्हणून टाळलं होतं. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी ती छताला बसवली, दोनदा ओढून बघितली.

"अण्णांना आता उतरताना धरायला लागंल," ते म्हणाले. "तेवढ्यासाठीच असती ती."

मग त्यांनी माझ्या पाठीवर, कमरेच्या थोडं वर, पंजा ठेवला आणि भार दिला. मी निकालाची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी हात उचलला, मान तिरपी केली आणि घरात गेले. निकाल दिला नाही.

महिन्यातून एकदा मी माझ्या गाडीत मागे डावीकडे बसतो आणि मंगल चालवते. तिला गतिरोधक दिसत नाहीत, किंवा दिसतात आणि ती दया दाखवत नाही. हर्सूलचा मोठा गतिरोधक झाला की ती आरसा माझ्या तोंडावर नीट करते आणि विचारते, "मलई?"

आणि मला खरं सांगावं लागतं.